चुलीचे तीन दगड

"पाण्याकाठचा दगड उचलायचा असंल तर आधी विचारायचं, बाई. 'घेऊ का?' म्हणायचं. अन् उत्तर आलं... तर उचलायचा नाय."

गोजरआत्याचं हे बोलणं तनुजाला लहानपणापासून पाठ होतं. आत्याच्या सासरचं गाव धरणात गेलेलं. घर गेलं, मळा गेला, पण पाण्याचे रिवाज तिनं मरेपर्यंत सोडले नाहीत.

तनुजा माझी मावसबहीण. पुढं सांगते ते तिच्यावर गुदरलेलं आहे, अन् शेवटाला मी स्वतः हजर होते. मी रोज देवापुढं दिवा लावल्याशिवाय पाणी पीत नाही. त्या दिव्याच्या साक्षीनं लिहिते, यातलं एक अक्षर खोटं नाही.

मे महिन्यातला शनिवार होता. जागा गंगापूरच्या पुढची, नाथसागर धरणाच्या फुगवट्याचा काठ.

तनुजाच्या लग्नाचा तो पहिला वाढदिवस. तिचा नवरा विश्वजीत वाळूजला एका कंपनीत आहे. गारखेड्यातल्या फ्लॅटवर दोघंच राहतात. त्यानं गाडीनं फिरायचं ठरवलं होतं. पहिला मुक्काम पाण्याकाठी तंबूत, मग नाशिक, पुढं थेट कोकण.

निघताना वाटेत बिअरच्या कारखान्यात जायचं होतं. विश्वजीतचा मित्र जुनेद तिथं कामाला. आतून सगळं दाखवतो म्हणाला होता.

तनुजाचा शनिवारचा उपास. अशा दिवशी दारूच्या कारखान्यात पाय ठेवणं तिच्या जिवावर आलं होतं.

"तू नुसता वास घे," विश्वजीत म्हणाला. "वासानं मारुती रागवत नाही."

आत स्टीलच्या टाक्या घराएवढ्या उंच. लापशी शिजावी तसा गोडसर, दमट वास. जुनेदनं हौसेनं सगळं फिरवून दाखवलं.

"भाभी, बिअरमध्ये सगळ्यात जास्त काय असतं सांगा? पाणी. अन् पाणी कुठलं? तुमच्या नळाला येतं तेच, धरणाचं."

निघताना त्यानं बर्फाच्या डब्यात दोन बाटल्या ठेवून दिल्या. तनुजानं ओढणी नाकाला लावली, तसे दोघं मित्र हसले.

काठावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं.

पाणी पार आत उतरलेलं. जिकडंतिकडं भेगाळलेला गाळ. मधेच थोडा उंचवटा होता, तिथं त्यांनी तंबू ठोकला. जवळपास वस्ती नाही. लांब कुठंतरी टिटवी ओरडत होती, तेवढीच सोबत.

तनुजा तंबूत अंथरूण घालत होती. बाहेर विश्वजीत चुलीसाठी दगड शोधत होता. आत्याचा रिवाज त्यानं बायकोकडून शंभरदा ऐकलेला. तो मुद्दाम तिला ऐकू जाईल असं ओरडला, "घेऊ का?"

अन् तीन दगड उचलून आणले. काळे, गोल, हाताळून गुळगुळीत झाल्यासारखे.

दिवेलागणीला तनुजानं खिचडी चढवली. उपास सोडायच्या आधी नेहमीप्रमाणं छोटं निरांजन लावलं.

वारा पाण्याकडून येत होता...

ज्योत मात्र पाण्याकडंच झुकली होती.

तिनं निरांजन फिरवून पाहिलं. ज्योत पुन्हा पाण्याकडं.

मग आवाज आला.

थप्... थप्... थप्...

ओलं लुगडं दगडावर आपटावं तसा. पाण्याच्या बाजूनं.

"गावातल्या बाया धुणं धूत असतील," विश्वजीत म्हणाला.

"गाव कुठंय इथं?"

आता टिटवीही गप्प झाली होती.

थप्... थप्... मधेच बांगड्या किणकिणल्या. मग हसणं. एकीचं नाही, पुष्कळ जणींचं. जुन्या मैत्रिणी घाटावर भेटल्यावर हसतात तसं.

पाण्यावर कुणी नव्हतं.

तेवढ्यात चूल विझली.

तनुजानं वाकून टॉर्च मारली. दगडांना पाझर फुटला होता. मे महिन्यात, जाळावर तापलेल्या दगडांतून पाणी झिरपून निखाऱ्यांवर पडत होतं.

एका दगडाच्या खाचेत काहीतरी तांबडं होतं. तिनं नखानं खरवडलं.

शेंदूर.

ती उठली अन् विश्वजीतला विचारून, दगड जिथून आणले तिथं गेली. उंचवट्याच्या कडेला चार दगड एका ओळीत बसवलेले होते. पुढं तीन खड्डे. कोरड्या ठाक गाळात ते तीन खड्डे काठोकाठ पाण्यानं भरलेले.

पाण्यातल्या सात बहिणी. साती आसरा. एवढी वर्षं धरणाखाली राहून त्यांचा शेंदूर धुऊन गेला होता, म्हणून साधे दगड वाटले.

"अहो, उचलताना विचारलंत ना?"

"विचारलं की. तूच तर आतून म्हणालीस, घे."

"मी काहीच बोलले नाही."

विश्वजीत हसायला गेला, पण हसू पुरतं आलं नाही. दगड तापलेत, सकाळी जागेवर ठेवू म्हणाला. आत्ताच निघू या म्हटलं, तर अंधारात गाडी गाळात रुतायची भीती. बाटल्यांची दोघांनाही आठवण राहिली नाही. तनुजा तंबूत नामस्मरण करत बसून राहिली. बाहेरचं धुणं काही थांबलं नाही.

पहाटे तिचा डोळा लागला.

जागी झाली ती शांततेनं. आवाज थांबला होता.

शेजारी विश्वजीत नव्हता.

तंबूची चेन उघडी. गाळात त्याच्या अनवाणी पावलांची ओळ थेट पाण्यात गेलेली. अन् तो... छातीभर पाण्यात. पाठमोरा. दोन्ही हात दोन्ही बाजूंना थोडे वर धरलेले. दोघींनी दोन्हीकडून हात धरून न्यावं तसे.

तो सावकाश पुढं चालत होता.

तनुजानं हाका मारल्या. त्यानं वळून पाहिलं नाही. पाणी खांद्याला लागलं. तिला पोहता येत नाही.

मग ती चुलीकडं धावली. एक-एक दगड पोटाशी धरून नेला अन् खड्ड्यात बसवला. राखेनं माखलेले, ते ओढणीनं पुसले. गुडघे टेकले.

"आयांनो, लेकरू चुकलं. त्याला सोडा. पाणी चढायच्या आत मी स्वतः येते, तुमची ओटी भरते. तुमच्या जागेवर येऊन भरते."

बराच वेळ काही झालं नाही.

मग विश्वजीतचे हात खाली पडले. तो वळला, झोपेतून उठल्यासारखा काठावर आला. तिच्याकडं पाहिलं, मग मागं पाण्याकडं.

"बाकीच्या कुठं गेल्या गं?" त्यानं विचारलं.

नाशिक राहिलं, कोकण राहिलं. गाडी घराकडं वळली.

बर्फाचा डबा घरी आल्यावर उघडला. दोन्ही बाटल्यांची झाकणं घट्ट. आत मात्र गढूळ पाणी, तळाला बोटभर गाळ. जुनेदला बोलावून दाखवलं. त्यानं बाटली उजेडात धरली, झाकण फिरवून फिरवून पाहिलं अन् खाली ठेवली.

"भाभी, ये खुलाच नहीं," एवढंच म्हणाला. चहा न घेता गेला.

तनुजा त्याच आठवड्यात ओटी घेऊन जाणार होती. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, सगळं आणलं होतं. पण विश्वजीतला ताप भरला. ताप उतरला तर तिची अडचण आली. ती सरते तोच सासरे वारले अन् सुतक लागलं. सुतकात ओटी कशी भरायची? देवाचं करायचं तर नियमानंच, हा आमच्या आजोळचा संस्कार. मलाही तिनं विचारलं होतं. मीच म्हणाले, सुतक फिटू दे. पाणी चढायला अजून अवकाश आहे.

आपल्याकडं तेव्हा पावसाचा पत्ता नव्हता. आभाळ कोरडं. म्हणून आम्ही दोघी निर्धास्त.

पण नाशिकला कोसळला. तिकडचं पाणी गोदावरीतून आलं अन् इथं थेंब न पडता धरण चढलं. पेपरात फोटो आला तेव्हा तनुजाचा फोन आला. मी हॅलो हॅलो करत राहिले.

मग म्हणाली, "मंजूताई, आवाज ऐक."

तिनं फोन कुठंतरी धरला.

थप्... थप्... थप्...

"मोरीतून येतोय," ती म्हणाली. "नळ बंद आहे."

त्यानंतर विश्वजीत रोज पहाटे उठून दारापाशी जाऊन उभा राहायला लागला. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, तरी त्याच्या पावलांना ओला गाळ. तनुजा आतून कुलूप लावी, किल्ली उशाखाली घेई. एकदा तिनं त्याला धरलं तर तो आपला म्हणाला, "सोड, त्या खोळंबल्यात."

तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं.

काल संध्याकाळी मी गारखेड्याला पोचले. तिची तयारी झालेली होती. कायगावच्या बाजूला कडुबा भोई म्हणून मासेमारी करणारे एक म्हातारे आहेत, ते होडीनं न्यायला तयार झालेत. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली. नवस बोलणाऱ्यानंच फेडायचा असतो. अन् विश्वजीतपाशी कुणीतरी हवंच.

मला राहवलं नाही. "तनू, आता तिथं वीस हात पाणी असंल. सगळीकडं सारखंच दिसतं. दगड कुठं आहेत ते कळणार कसं?"

ती पिशवीत दहीभाताचा डबा ठेवत होती. वर न बघताच म्हणाली, "धुण्याचा आवाज येईल ना."

आज उजाडताना ती निघाली. हिरवं लुगडं नेसलेली, हातभर बांगड्या. विश्वजीत झोपला होता. मी त्याच्या उशाशी रामरक्षा म्हणत बसले होते. मोरीतला आवाज चालूच होता.

ओटीची पिशवी उंबऱ्याशी ठेवलेली. तनुजा तिच्याजवळ उभी राहिली, पण लगेच उचलली नाही. मोरीच्या दाराकडं तोंड करून तिनं हळूच विचारलं,

"येऊ का?"

आवाज थांबला.

आम्ही दोघी कान देऊन ऐकत राहिलो. विश्वजीत झोपेतच या कुशीवरून त्या कुशीवर वळला.

उत्तर आलं नाही.

तनुजानं मला नमस्कार केला, पिशवी उचलली, अन् चपला हातात घेऊन जिना उतरली.