रिकाम्या तक्त्यातला एक

आमचं जमलं. पण हे तुम्ही वाचलेलंच नाही असं समजा. मीही काही बोललेले नाही.

तर, लिफ्ट चालवणारा प्रोग्राम मी लिहिते. एका सकाळी तळमजल्यावरचा चिपवाला एका हातात चहा, दुसऱ्या हातात इवलीशी चिप घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. चष्म्यावर चहाची वाफ. नक्की कुणाकडे बघतोय, कळायला मार्ग नव्हता.

"तुमचा प्रोग्राम हिच्यात मावत नाही."

"चिपच बारीक आहे तुमची."

"कालपर्यंत मावत होता. काल काही खाल्लं का त्यानं?"

खाल्लं होतं. मजल्यांच्या नोंदींसाठी मी एक भलामोठा तक्ता कोरा राखून ठेवला होता. काल त्याच्या पहिल्या घरात 'एक' टाकला. रिकामी घरं बघून मला चैन पडत नाही.

त्यानं खुर्ची ओढली. "तक्ता कोरा असला की प्रोग्रामात 'एवढी जागा लागेल' इतकंच लिहिलं जातं. शून्यं भरली जातात ती लिफ्ट सुरू होताना. पण एका घरात जरी काही ठेवलंत, तर अख्खा तक्ता शून्यांसकट बरोबर न्यावा लागतो. एका लवंगेपायी घरातल्या सगळ्या रिकाम्या बरण्या टेम्पोत!"

हे मला पाठ होतं. पण त्याचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं, म्हणून मी म्हटलं, "हो का?"

"एकदा हे मावलं की माझं इथलं काम संपलं. मग दुसऱ्या गावचा कारखाना."

"असं... उद्या काढते मी तो एक."

उद्या मी विसरले. परवाही. तो रोज वर यायचा, आणि जिन्यात पाऊल वाजलं की मी पेनाचं टोपण चावायचे. टोपणं संपली, पेनं उघडी पडली.

मग साहेब गरजले, "चिपवाल्याला जमत नसेल तर नारळ देऊ त्याला!"

तो शेजारी बसलेला असतानाच मी मुकाट्यानं 'एक' पुसला.

तरी मावेना!

शोधलं. ब्रेकसाठी राखलेल्या दुसऱ्या कोऱ्या तक्त्यात, अगदी शेवटच्या घरात, आणखी एक 'एक'. माझा नव्हता. मी मान वळवली. तो थंडगार चहावर फुंकर मारत होता.

"हा कुणाचा?"

"असेल... आपोआप आला."

"आपोआप शून्य येतं. एक कुणीतरी ठेवावा लागतो."

त्याचे कान लाल झाले. "तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा ठेवला. रोज 'उद्या काढते' म्हणायचीस... एखाद्या दिवशी खरंच काढला असतास तर?"

"अरे वेड्या, नोकरी जाईल तुझी!"

"मग काय करू? तू बोलेनास, मला बोलवेना. कुणीतरी जागा अडवायला नको?"

"आता बोल."

"आवडतेस."

"एवढंच?"

"चिपमध्ये एवढंच मावतं."

मी त्याचा थंड चहा पिऊन टाकला.

त्याची नोकरी वाचवायची, म्हणून त्याचाही 'एक' पुसला. प्रोग्राम मावला, लिफ्ट लोण्यासारखी चालली, आणि साहेबांनी खूश होऊन त्याची बदली तत्काळ मंजूर केली. तो तिकडे, मी इकडे. फोन उचलते, ठेवते, पुन्हा उचलते.

सबब, संबंधित खात्यास नम्र विनंती की, यापुढील सर्व चिपा निम्म्या आकाराच्या बनवाव्यात, आणि त्या का पुरत नाहीत हे समजावण्यासाठी सदर इसमास माझ्या शेजारच्या खुर्चीवर कायमस्वरूपी नेमण्यात यावे.