खडबडगुमटा कुणाचा?

"थांबवा हे सगळं. आत्ताच्या आत्ता," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि लवंगीच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तालीम ऐन रंगात आली होती. टेबलं भिंतीशी सरकवली होती. वकील डोक्यावर पालथी बादली घालून खुर्चीवर उभा होता आणि मौनी पडद्याची दोरी धरून कोपऱ्यात बसली होती. वकील हा लवंगीचा आतेभाऊ. 'जेवायला चल' म्हटलं तरी 'कशावरून जेवणाची वेळ झाली?' असं विचारणारा, म्हणून वकील. मौनी शेजारच्या घरातली. ती बोलायची, पण इतक्या हळू की समोरच्याला कान पुढे करावा लागे. आणि लवंगीला लवंगी का म्हणत, ते पुढच्या दोन मिनिटांत बाईंनाही कळणार होतं.

सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी तिघांचं नाटक होणार होतं. नाटकातले तंटोरी दूरच्या ग्रहावर राहणारे आणि भांडणावर जगणारे. सूर्य उगवला असं एक तंटोरी म्हणाला, की दुसरा पुरावा मागणार! असल्या लोकांना साधीसुधी नावं कशी शोभतील? म्हणून मुलांनी सगळी सुट्टी नावं घडवण्यात घालवली होती, आणि तीही भांडून. एकाने नाव सुचवायचं, बाकीच्या दोघांनी त्यावर तुटून पडायचं, आणि एवढं होऊनही जे टिकेल तेच खरं तंटोरी नाव. या पद्धतीत शेकडो नावं धारातीर्थी पडली आणि सात उरली.

ती सातही नावं आता बाईंच्या हातातल्या रंगीत जाहिरातीवर छापलेली होती.

रेडिओवर नवं नभोनाट्य सुरू होणार होतं. लेखक गावातलेच, नावाजलेले. वरती मोठ्या अक्षरांत 'तंटोरी' आणि खाली खडबडगुमटा, डबडगुमटा, बडगुमटा अशी ओळीने सगळी मंडळी. लवंगी वाचतच राहिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही आमची नावं आहेत! यांनी चोरलीत!"

बाईंनी चष्मा काढला. एवढा मोठा लेखक तुमच्यासारख्या पोरांचं कशाला चोरेल, असं त्यांनी विचारलं. उत्तराची वाट त्या पाहत नव्हत्याच. खाली पुस्तकं बदलायला आलेली माणसं आवाज ऐकून जिन्यात जमली होती आणि त्या सगळ्यांच्या देखत बाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं उचलून आपलं म्हणणं याला चोरी म्हणतात. माझ्या वाचनालयात चोरांचं नाटक होणार नाही."

नाटक रद्द. त्या जागी रविवारी लेखकमहाशय स्वतः येऊन 'मला नावं कशी सुचतात' या विषयावर बोलणार होते. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी!

तिघंही वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. जाणारे-येणारे वळून पाहत होते. चोर हा शब्द काही अंगाला लागलेली धूळ नव्हे, झटकला आणि पडला! लवंगीला रडू येत होतं, पण तिचं रडू नेहमी रागाच्या वाटेनेच बाहेर पडायचं.

"आपल्यापैकीच कुणीतरी सांगितलं असणार," ती म्हणाली. "त्याशिवाय नावं बाहेर जातीलच कशी?"

"कुणीतरी म्हणजे?" वकिलाने विचारलं.

लवंगी मौनीकडे बघत होती. लवंगीची मावशी ध्वनिमुद्रण करायची, या लेखकांच्या नभोनाट्याचंही. तिच्या स्टुडिओतली गार, गालिचा घातलेली खोली दुपारी रिकामी असे आणि नावांची भांडणं तिथेच होत. परवा मौनी तिथे विसरलेला स्वेटर आणायला एकटीच गेली होती. येताना तिच्या हातात चॉकलेट होतं. कुणी दिलं विचारल्यावर 'लेखककाकांनी' असं तीच म्हणाली होती.

"एका चॉकलेटला विकलीस ना नावं?" लवंगी कडाडली. "गप्प बसणारी माणसंच आतल्या गाठीची असतात. चोर तूच आहेस!"

मौनीचे ओठ हलले. ती काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही, आणि लवंगीने ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मौनी उठली, फ्रॉक झटकला आणि घरी निघून गेली.

"पुरावा आहे तुझ्याकडे?" वकिलाने रागाने विचारलं.

पुरावा शोधायलाच दोघं तडक मावशीच्या स्टुडिओत गेली. भिंतींना जाड स्पंज, मधे दुहेरी काच, आणि काचेअलीकडे बटणांच्या रांगा. पावलांचे आवाज काढण्यासाठी ठेवलेली वाळूची परात आणि चार-पाच जुने बूटही होते. मावशी जुनी रेकॉर्डिंग ऐकून नको ती पुसून टाकत होती. दोघांनी दार ढकललं, आणि आतून लवंगीचाच आवाज बाहेर आला. "खडबडगुमटाच पाहिजे! त्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

मावशीने झटकन बटण दाबलं, पण आता उपयोग नव्हता. लवंगीने तिला धारेवरच धरलं, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. एका दुपारी मावशी माईक बंद करायलाच विसरली होती. मुलांचं सगळं भांडण नकळत मुद्रित झालं आणि त्या दिवसाच्या कामाबरोबर लेखकांकडे गेलं. त्यांना म्हणे फार मजा वाटली. कुणाची मुलं, काय बोलतायत, हे ना त्यांनी विचारलं, ना मावशीने आपणहून सांगितलं. दोघंही हात झटकून मोकळे झाले आणि जाहिरात छापून आली. मोठी माणसं!

"पूर्ण ऐकव," वकील म्हणाला.

मावशीने ऐकवलं. लवंगी ओरडत होती, वकील मुद्दे काढत होता, आणि मधेमधे नुसती शांतता. प्रत्येक शांततेनंतर लवंगी किंवा वकील म्हणत होते, 'बरं', 'हो, हे भारी आहे', 'मग तसंच ठरलं'. पहिल्या दोन वेळा लवंगीला कळलं नाही. तिसऱ्या वेळी कळलं. ही शांतता म्हणजे मौनी होती. तिचं बोलणं माईकपर्यंत पोचलंच नव्हतं.

आणि तंटोरी नावांचा सगळ्यात मोठा नियम मौनीचा होता. तंटोरी बाळ जन्मलं की सगळे नातेवाईक नावावरून भांडतात आणि कुणीच हटत नाही. मग प्रत्येकाचं एकेक अक्षर घेऊन लांबलचक नाव ठेवतात. पुढे जेव्हा जेव्हा ते एखादं मोठं भांडण जिंकतं, तेव्हा नावाच्या सुरुवातीचं एक अक्षर गळून पडतं. म्हणून ज्याचं नाव आखूड, त्याच्यापुढे सगळ्यांनी थरथर कापायचं.

वकिलाने खिशातून चुरगळलेली जाहिरात काढली. आता कुठे दोघांनी नावांपुढचे हुद्दे वाचले. सम्राट खडबडगुमटा. सेनापती डबडगुमटा. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, हुजऱ्या टा.

"मौनीने सांगितलं असतं, तर नियमही सांगितला असता," वकील सावकाश म्हणाला.

लवंगीने मान खाली घातली. मग तिला दुसरा राग आला. "मावशी, हे रेकॉर्डिंग घेऊन बाईंकडे चल."

मावशी गडबडली. लेखकांनी हात वर केले तर तिची नोकरी जायची. शिवाय ते उलट म्हणतील, की मुलांनीच स्टुडिओत त्यांची नावं ऐकली आणि खेळायला घेतली. "जाऊ द्या ना गं, लहान आहात, अजून शंभर नावं सुचतील," असं म्हणता म्हणता तिने बटण दाबलं आणि रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

लवंगी मावशीकडे पाठ फिरवून बाहेर पडली. तिचा राग इतका मोठा होता की त्याला शब्द पुरले नसते. ती आणि वकील मौनीच्या घरी गेली. दार मौनीनेच उघडलं. वकिलाने सगळी हकिकत सांगितली आणि रविवारचा बेत समजावला. लवंगी दारातल्या चपला बघत उभी राहिली. माफी मागायची होती, ती राहूनच गेली. मौनीने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

रविवारी वाचनालयाचं वरच्या मजल्यावरचं सभागृह खच्चून भरलं. माईकची व्यवस्था बघायला मावशीलाच बोलावलं होतं. ती कोपऱ्यात मूग गिळून बसली होती. लेखक छान बोलत होते. एकेका नावासाठी आपण कशा रात्री जागवल्या, हे ऐकून पालकांनी टाळ्या वाजवल्या. लवंगीने मुठी इतक्या आवळल्या की नखं रुतली.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. वकील उभा राहिला. इतका नम्र तो जन्मात कधी झाला नव्हता. तंटोरींमध्ये सगळ्यात थोर कोण, असं त्याने विचारलं.

"अर्थात सम्राट खडबडगुमटा," लेखक हसले. "मोठं नाव, मोठा माणूस."

"आणि टा?"

"तो बिचारा नोकर. नाव बघ ना, कसं चिंधीएवढं."

"आणि हे सातजण एकमेकांचे कोण?"

"सख्खे भाऊ. म्हणून तर नावं सारखी आहेत, बाळ."

"नक्की ना?"

"मीच लिहिलंय म्हटल्यावर!"

आता पुढचं लवंगीने बोलायचं ठरलं होतं. ती उठली, पण रागाने अशी पेटली होती की किंकाळीशिवाय काही निघालं नसतं. बाईंनी तिला ओळखलं आणि खाली बसायची खूण केली. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी चालत पुढे आलं. मौनी! ती माईकपाशी जाऊन उभी राहिली.

तिने बोलायला सुरुवात केली आणि सगळं सभागृह गप्प झालं, कारण त्याशिवाय ऐकूच आलं नसतं. बाळाच्या नावावरून होणारं भांडण, एकेक गळणारं अक्षर, सगळं तिने सांगितलं. मग ती लेखकांकडे वळली.

"ते सात भाऊ नाहीत. ती एकच बाई आहे. खडबडगुमटा पाळण्यात आहे. भांडणं जिंकत जिंकत ती म्हातारी होते, तेव्हा टा होते. टा आली की सगळा ग्रह उठून उभा राहतो."

"म्हणजे सम्राट दुपट्यात?" पुढे बसलेली एक चिमुरडी ओरडली.

हशा उसळला. बाईंनी जाहिरात वर धरली आणि नावं वाचायला घेतली. खडबडगुमटा, डबडगुमटा. तिसऱ्या नावापासून बाईंना वाचावंच लागलं नाही. सगळी मुलं एकसुरात ओरडत होती, "बडगुमटा! डगुमटा! गुमटा! मटा! टा!" प्रत्येक नाव एका अक्षराने हलकं. लेखकांचे कान लाल झाले.

"काहीतरीच!" ते उसळून म्हणाले. "असला काही नियम त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हताच!"

बाईंनी जाहिरात खाली केली. "कोणत्या रेकॉर्डिंगमध्ये?"

आता मावशीला बसवेना. ती उभी राहिली आणि उघडा राहिलेला माईक, पुसलेलं रेकॉर्डिंग, नोकरीची भीती, सगळं कबूल करून रडली. लेखकांनी घाम पुसला. चूक झाली, असं ते पुटपुटले. तेवढ्यावर लवंगी ऐकणार होती थोडीच! तिला आता कंठ फुटला होता. प्रत्येक भागाआधी तिघांची पूर्ण नावं रेडिओवर घ्यायची आणि टाला तिची जागा परत द्यायची, असं तिने भर सभेत त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

मग ग्रंथपालबाई पुढे आल्या. "मी या मुलांना चारचौघांत चोर म्हणाले. न विचारता, न ऐकता. म्हणून माफीही चारचौघांतच मागते," त्या म्हणाल्या. नाटक आजच होईल आणि आपण स्वतः टेबलं सरकवू, असंही त्यांनी सांगितलं. शाब्बासकी सुरू झाली. कुणी वकिलाची पाठ थोपटली, कुणी म्हणालं, काय डोकं आहे पोरांचं!

लवंगीला मात्र गोड लागेना. सगळ्यांवर रागावून झालं होतं, तरी राग संपत नव्हता. आणखी एक माणूस शिल्लक होतं. त्यानेही न ऐकता कुणाला तरी चोर म्हटलं होतं, आणि भर रस्त्यात म्हटलं होतं.

ती मौनीसमोर जाऊन उभी राहिली. "मी तुला चोर म्हणाले. चोर तू नव्हतीस. चुकले मी," ती कशीबशी बोलली.

मौनीने तिच्याकडे शांतपणे पाहिलं.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "मोठ्यानं बोल."

सगळं सभागृह बघत होतं. लवंगीने माईक हातात घेतला आणि तेच सगळं पुन्हा म्हटलं, जिन्यात उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तेव्हा कुठे मौनी पडद्याची दोरी धरायला गेली.