पंचमीचा घास

गाडीची किल्ली आणायला आम्ही लक्ष्मीकांतकाकांकडे गेलो होतो. रणजित, त्याची बायको नुपूर आणि मी. पहाटे निघायचं होतं. कानाझावा, ताकायामा, मग किसो खोऱ्यातली जुनी गावं. काका जपानात, निशी-कसाईत तीस वर्षं राहतायत. इथे आपल्यातल्या गाडीवाल्यांची संख्या बेताचीच, आणि मागितली की गाडी देणारे काका एकटेच.

अरुणाकाकूंनी चहा आणला. काका किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाले, "मुक्काम कुठे?"

"आधी हॉटेल," नुपूर म्हणाली. "शेवटच्या रात्री मात्र अख्खं घर घेतलंय, काका. दीडशे वर्षांचं! मालकांपैकी कोणी उरलं नाही म्हणे, म्हणून गावाने नीटनेटकं करून भाड्याने द्यायला काढलंय. फोटो दाखवू?"

किल्ली फिरायची थांबली.

"नको," काका म्हणाले. मग काकूंकडे वळून, "आज तिथी काय गं?"

"द्वितीया. पितृपक्ष लागला की परवा."

"झालं!" रणजित हसला. "काका आता भुताची गोष्ट सांगणार. लाइट घालवू का?"

"लाइट असू दे. मी भूतबीत काही पाहिलेलं नाही. नचिकेतने मला सांगितलं तेवढंच सांगतो. तुम्ही त्याला ओळखत नाही, तुम्ही जपानात यायच्या आधीच तो इथून निघून गेला. पण शेवटपर्यंत ऐकायचं. मग किल्ली घ्या."

*

नचिकेत तोयोसूच्या ऑफिसात माझ्या हाताखाली होता. अमेरिकेत शिकून आलेला. पोरगा हुशार, आणि पेटलेला. जुन्या घरांचं वेड होतं त्याला. लग्नानंतर तो आणि त्याची बायको मिताली तिकडची जुनी शहरं बघत फिरले होते, बॉस्टन, चार्ल्सटन वगैरे. तिकडे दोनशे वर्षांचं घर दाखवायला तिकीट लावतात, आणि इथे त्याहून जुनी घरं माणूस नाही म्हणून ओस पडतात, याचा त्याला मनापासून त्रास व्हायचा. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणायचा, "काका, घर काय मागतं हो? एक दिवा आणि माणसाचा आवाज. तेवढं आपण देऊ शकतो." मी म्हणायचो, "आधी टेस्टिंग संपव."

मितालीला तेव्हा पाचवा महिना होता. नचिकेतची आई पुण्याहून रोज फोन करायची, या दिवसांत भटकू नका म्हणून. पण बाळ आल्यावर कसलं फिरणं! सप्टेंबरातल्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत दोघं निघाले. कानाझावा झालं, ताकायामा झालं. मजेत होते. मग किसो खोऱ्यात आले. गावाचं नाव सांगत नाही.

घराची किल्ली ओगावा-सान नावाच्या बाईंकडे असायची. सत्तरीच्या, उताराखालच्या घरात राहायच्या. त्यांनी सगळं दाखवलं. न्हाणीघर, गाद्या, कुठला कचरा कुठल्या पिशवीत. आतल्या खोलीत भिंतीला एक मोठं काळं कपाट होतं, दारं लावलेलं. ते त्या घराचं पितरांचं देवघर.

"हे न्यायला कोणी उरलं नाही," ओगावा-सान म्हणाल्या. "शेवटी आजी एकट्याच होत्या. नातवंडाची फार आस होती त्यांना." बोलता बोलता त्यांची नजर मितालीच्या पोटाकडे गेली. त्या हसल्या, वाकल्या आणि गेल्या.

इथला हिगान माहीत आहे ना? दिवस आणि रात्र सारखे होतात त्या आठवड्यात ही माणसं आपापल्या थडग्यांवर जातात, फुलं वाहतात, गोड करून ठेवतात. त्या वर्षी हिगानचा मधला दिवस आणि आपली भाद्रपद वद्य पंचमी एकाच दिवशी आली होती. पंचमी म्हणजे नचिकेतच्या वडिलांची तिथी.

तो विसरला होता. आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिकडे दुपार होती, इथे उन्हं कलली होती.

"घास ठेवलास?"

"आई, आम्ही फिरायला आलोय गं."

"म्हणून काय बाबांनी उपाशी राहायचं?"

वडील गेले तेव्हा नचिकेतला वेळेवर विमान मिळालं नव्हतं. तो पोचला तोवर सगळं उरकलं होतं. ते त्याला सलत होतंच. तो गुपचूप उठला. मितालीने प्रवासाला तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. बाबांना आवडायच्या. परसातल्या झाडाचं एक रुंद पान तोडलं, त्यावर पुरी ठेवली, गुळाचा खडा ठेवला. पान मागच्या दगडी गडग्यावर मांडलं, भोवती पाणी फिरवलं. हात जोडून म्हणाला, "बाबा, या."

एवढंच म्हणाला.

कावळा आला. इथले कावळे बघताय ना तुम्ही? केवढाले असतात, कचऱ्याच्या पिशव्या फाडून खातात. हा मात्र पानाशेजारी बसून राहिला. चोच लावेना.

"आई, शिवत नाहीये."

"मनात काहीतरी राहिलंय त्यांच्या," फोनवरून आई म्हणाली. "बोल त्यांच्याशी. शब्द दे."

नचिकेत बोलायला लागला. "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही." कावळा बसून. "गच्चीवरची तुमची झाडं जगवीन." बसून. "तुमची स्कूटर कधी विकणार नाही."

"ती तू मागच्या महिन्यात विकलीस," मिताली म्हणाली. दोघांना हसू फुटलं. आईसुद्धा हसली.

डोंगरात ऊन लवकर जातं. परसात सावली आली. कावळा तसाच. आणि मितालीच्या लक्षात आलं, तो नचिकेतकडे बघतच नव्हता. त्याच्या खांद्यावरून मागे बघत होता. घरात.

नचिकेतने पुन्हा हात जोडले. "बाबा, तुम्हाला नातवंड बघायचं होतं. येतंय. ते तुमचंच आहे. तुमच्या पदरात घालतो. शब्द देतो."

कावळ्याने मान खाली घातली. पुरी उचलली. उडाला.

"पोचलं रे," आई रडत म्हणाली.

आणि मागे घंटा वाजली.

घरात. एकच टोला. बारीक, लांबत गेलेला… इथल्या देवघरात वाटीसारखी घंटा असते, तिचा.

दोघं आत धावले. कपाटाची दारं बंद होती. घरात कोणी नव्हतं.

रात्री दोन गाद्या शेजारीशेजारी घातल्या. नचिकेत भिंतीकडे. मिताली दाराकडे. मधेच तिला जाग आली. किती वाजले होते, माहीत नाही. बाहेर ओढ्याचा आवाज. पोटावर हात होता. तिला वाटलं, नचिकेत. ती पडून राहिली. हात थोपटत होता. हलके. निजवतात तसा.

थाप… थाप…

तिला बरं वाटलं.

मग नचिकेत घोरला. पलीकडे. भिंतीकडे तोंड करून.

थाप…

तिने डोळे उघडले नाहीत. हात हलका होता. सुरकुतलेला. गार.

थाप…

आणि बाळ हललं. पहिल्यांदा. ती रोज वाट बघत होती, आणि ते हललं आत्ता… त्या हाताखाली.

सकाळी ओगावा-सान किल्ली घ्यायला आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काल संध्याकाळी घंटा कोणी वाजवली?"

"कोणीच नाही."

त्यांनी गडग्यावरचं पान बघितलं. नचिकेतने मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं. घास काय, कावळा काय, शब्द काय दिला. बाई पायरीवर बसल्या.

"कोणाला दिलात?"

"माझ्या वडिलांना."

"ते इथे राहायचे का?"

नचिकेतने वळून घराकडे बघितलं.

*

अरुणाकाकू ट्रे हातात घेऊन उभ्याच होत्या. "पण नाव-गोत्र घेतलं असेल ना त्याने? घास ठेवताना घेतातच."

"नाही घेतलं," काका म्हणाले. "नुसतं 'बाबा, या'. कोणाचे बाबा, कुठले… काही नाही. सगळं गाव त्या दिवशी आपापल्या मेलेल्यांना जेवू घालत होतं. त्या एका घराला विचारणारं कोणी नव्हतं. आणि हा तिथे उभा राहून म्हणाला, बाळ तुमच्या पदरात घालतो."

काकूंनी ट्रे खाली ठेवला.

*

नचिकेत डिसेंबरात एकटा तिथे जाऊन आला. मितालीला ऑफिसचं काम सांगून. त्याच गडग्यावर पान मांडलं. या वेळी नाव घेतलं, गोत्र घेतलं. मग घराकडे तोंड करून म्हणाला, "आजी, माझं चुकलं. बाळ मागू नका. दुसरं काहीही मागा." बर्फ पडत होता. अंधार होईपर्यंत उभा राहिला. एकही कावळा आला नाही. परत आला तो मला स्टेशनवर भेटला. म्हणाला, "काका, दिलेलं परत घेता येत नाही वाटतं."

फेब्रुवारीत मुलगा झाला. गोरा, गुटगुटीत. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं.

मूल रात्री रडायचं, पण मिताली उठेपर्यंत गप्प व्हायचं. नचिकेत म्हणायचा, गुणी आहे. मितालीला मात्र अंधारात ऐकू यायचं. पाळण्यापाशी. थाप… थाप…

शेवटी तिने नचिकेतला सांगितलं. त्याने विचारलं, "भीती नाही वाटत तुला?"

"तिची नाही वाटत," मिताली म्हणाली. "ती निजवते रे, मारत नाही. पण उद्या ती त्याला घरी चल म्हणाली तर? आणि हा गेला तर?"

सासूबाईंनी पुण्याहून सांगितलं, उष्टावण करा. मामाच्या हातून पहिला घास भरवा. पहिला घास ज्या घरचा, मूल त्या घरचं. एकदा आपलं अन्न पोटात गेलं की कोणाचा हक्क चालत नाही.

मितालीने तेच धरून ठेवलं. बाळाला सहावा महिना लागला तसा तिचा भाऊ दिगंबर मुद्दाम पुण्याहून आला. चांदीची वाटी घेऊन. मलाही बोलावणं होतं.

उष्टावणाच्या आदल्या दिवशी श्रावणातली एकादशी होती. पुत्रदा एकादशी. घरात सगळ्यांना उपास. भगर, साबुदाणा, रताळी. भात शिजला नाही. तांदळाच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

रात्री मितालीने बाळाला पाळण्यात ठेवलं नाही. कुशीत घेतलं. दाराला आतून साखळी. दिवा चालू. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला नचिकेत. बाहेरच्या खोलीत दिगंबर. आजची रात्र काढायची. बस्स.

ती जागीच होती. पहाटे डुलकी लागली. एकच.

जाग आली.

दिवा बंद होता.

रडणं नाही. थाप नाही. काहीच नाही…

तिने चाचपलं. बाळ कुशीत होतं. उबदार. जागं.

तिने नचिकेतला हलवलं. त्याने दिवा लावला. दाराला साखळी तशीच होती.

बाळ हसत होतं. तिच्याकडे बघून नाही. तिच्या पलीकडे, दाराकडे बघून. आणि तोंड हलवत होतं. दात नसलेल्या हिरड्यांनी… सावकाश… चघळत होतं.

मिताली वाकली.

खालच्या ओठावर एक शीत होतं. भाताचं.

*

काकांनी किल्ली पुढ्यात ठेवली. खालून एक सायकल गेली, तिचा आवाज वर आला.

"पांढरं?" नुपूरने विचारलं.

"नाही. लालसर." काका तिच्याकडे बघत नव्हते. "इथल्या आज्या नातवंडाला पहिला घास भरवताना लाल चवळी घालून भात शिजवतात, तसलं."

रणजितने चहाचा कप बाजूला सारला.

"मितालीने ते बोटाने टिपलं," काका म्हणाले. "अजून गरम होतं."