चौथा स्टंप

“आऊट! त्रिफळा उडाला!” पुण्याहून सिद्धीकडे सुट्टीला आलेला ध्रुव दोन्ही हात वर करून नाचत सुटला.

“उडाला कुठे? जागचा हललासुद्धा नाही!” सिद्धीने बॅट आपटली. “हे स्टंप आहेत की देवळाचे खांब? एवढ्या जाड स्टंपांवर आंधळ्याचाही चेंडू आदळेल!”

“हरणारे असंच बोलतात.”

“आणि पुण्यात सगळीकडे हरणारे सुट्टीला बंगळूरला येतात!”

“स्वल्प गप्प बसा रे दोघं!” त्यांची मैत्रीण शिवलीला चेंडू उचलत म्हणाली. “ते बघा, कोण आलंय!”

येलहंकाच्या पलीकडे नेरळेकेरे नावाचा तलाव आहे. त्याच्या कुंपणाबाहेर फरशीचा एक तुकडा आहे, तेच यांचं मैदान. फरशीत लाकडी स्टंप रोवता येत नाहीत. म्हणून कुंपणापाशी भंगारात पडलेले ॲल्युमिनियमच्या पाइपाचे तुकडे त्यांनी उचलून आणले होते. मांडीएवढे जाड, गुडघ्याच्याही वर येणारे आणि आधाराशिवाय ताठ उभे राहणारे! एकूण चार तुकडे मिळाले होते. तीन इकडे आणि एक बोलिंगच्या बाजूला. आज मात्र चौथा जागेवर नव्हता. त्याच्याऐवजी ध्रुवची चप्पल होती.

पांढरी गाडी थांबली आणि बिंदुमाधवकाका उतरले. सिद्धीच्या कपाळावर लगेच आठी पडली.

“काय खेळाडू लोक!” काका हसत म्हणाले. त्यांच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला स्टंपांचा नवाकोरा संच होता. “अशा भंगाराशी खेळतात का? लागलं बिगलं म्हणजे? हे घ्या. स्टँडसकट आणलेत, फरशीवरही उभे राहतात. ते पाइप मी घेऊन जातो.”

ड्रायव्हरने तिन्ही पाइप डिकीत टाकलेसुद्धा.

“आणखी एक होता ना?” काकांनी इकडेतिकडे पाहिलं.

“होता,” शिवलीला पापणीही न लववता म्हणाली. “तलावात पडला.”

काकांनी तलावाकडे नजर टाकली. मग “बरं झालं, बरं झालं,” असं पुटपुटत गाडीत बसले.

गाडी वळताच ध्रुव म्हणाला, “कधी पडला तलावात?”

“पडायला काय झालंय? सकाळीच अव्वाने त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवली! काकांना खरं सांगितलं असतं, तर ते घरी आले असते. मग अव्वाला कोण तोंड देणार?”

शिवलीलाच्या आईचा, म्हणजे अव्वाचा, अवतार आठवून ध्रुव खो-खो हसला. सिद्धी हसली नाही. याच माणसाने परवा “चला, निघा इथून!” म्हणून त्यांना हाकललं होतं. त्याला आज एकदम त्यांच्या पायांची काळजी कशी वाटली? आणि चौथा तुकडा पाण्यात गेला, यात बरं काय झालं?

सिद्धीला त्यांचा राग होता आणि त्याला कारणही होतं. तलावावर सौरऊर्जेवर चालणारी बोट येणार होती. तिचं डिझाइन सिद्धीच्या आईचं होतं. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, त्यांना जोडणारे चार आडवे पाइप, पाइपांवर डेक आणि छपरावर सौर पॅनेल. बांधण्याचं कंत्राट बिंदुमाधवकाकांचं. सहा महिने हे काका त्यांच्या घरी येत होते, आईच्या हातचं थालीपीठ मागून घेऊन खात होते, “प्रांजलीताई, तुमच्यासारखं डिझाइन सगळ्या कर्नाटकात कुणाचं नाही!” म्हणत होते. मग आई दुसऱ्या कामासाठी कोचीला गेली असताना बोट पाण्यात उतरली. चाचणीच्या दिवशी सातआठ माणसं फोटो काढायला एका कडेला गेली आणि बोट इतकी कलली की खुर्च्या घसरल्या, एक माणूस पाण्यात पडला. त्यावर काकांनी पत्रकारांना सांगितलं, “आम्ही नकाशाप्रमाणेच बांधली. डिझाइनमध्येच खोट आहे.” पेपरात आईच्या नावासकट छापून आलं. चौकशी संपेपर्यंत तिने तलावाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, असा तलाव समितीचा हुकूम निघाला.

आणि बोट? ‘दुरुस्त केली’ असं काकांनी सांगितलं होतं आणि तिचं उद्घाटन उद्याच होतं!

*

सिद्धी घरी आली तेव्हा आई बोटीचं छोटं मॉडेल पुढ्यात घेऊन बसली होती.

“तू भांडत का नाहीस?” सिद्धीने दारातूनच विचारलं.

“कशावरून भांडू? गणित पुन्हा पुन्हा तपासलं, चूक सापडत नाही. बिंदुमाधवांनी पाठवलेले फोटो सगळे बाजूने काढलेले आहेत आणि अर्ध्या बोटीवर ताडपत्री. काय बिघडलं ते कळल्याशिवाय ओरडून उपयोग काय?”

“मला तर ओरडावंसंच वाटतं!”

“मग ओरड. पण त्याआधी मोजून घे.”

आईचं हे नेहमीचंच. सिद्धीने रागाने मॉडेल उचललं. मॉडेल दहापट लहान होतं, तरी त्यात सगळं जिथल्या तिथे होतं. आडव्या पाइपांच्या टोकांना बोल्टची बारीक भोकंसुद्धा. तिने ती मोजली.

“पाच का गं? सहा का नाहीत?”

“सहा सारख्या अंतरावर असती, तर पाइप उलटा बसला तरी कळलं नसतं. पाच भोकं आहेत, त्यातलं एक जरा सरकवलेलं. आता तो एकाच पद्धतीने बसतो. मी नेहमी तसंच करते.”

सिद्धीला मैदानातले स्टंप आठवले. पाच भोकं! त्यातल्या एकात काडी खोचून ध्रुवने बेल्स केल्या होत्या. “एक भोक वाकडं आहे,” अशी त्याची रोजची तक्रार होती!

“आई, तुझी बोट तलावापर्यंत आली कशी?”

“सुटी करून. होड्या वेगळ्या, पाइप वेगळे. गेट अरुंद आहे ना, म्हणून तर सगळं बोल्टवर ठेवलं. आत नेऊन जोडायची.”

सिद्धी आल्या पावली बाहेर पळाली. जाताना आईची टेप तेवढी खिशात घातली.

*

शिवलीलाचं घर तलावाच्या गेटासमोरच. ते लोक मूळचे बेळगावचे, त्यामुळे तिचं मराठी खणखणीत होतं, मधेमधे कानडीचे खडे पडत एवढंच.

“सुटी? छे गं!” ती म्हणाली. “लॉरीवर अख्खीच्या अख्खी आली! गल्लीतल्या सगळ्यांनी बघितली. दिवसभर गेटासमोर अडकून पडली होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून येते, तर आत!”

“ध्रुव, टेप धर. त्या खांबापासून.”

गेटाचे दोन्ही खांब जुने, दगडी. ध्रुवने टेप ताणली. “साडेतीन मीटर. त्याहून बोटभर कमीच.”

“आणि मॉडेल चाळीस सेंटिमीटर रुंद आहे. त्याच्या दहापट म्हणजे चार मीटर!” सिद्धीचा आवाज चढला. “आईची बोट या गेटातून जाऊच शकत नाही. मग आत आहे ती कुणाची?”

मग शिवलीला घरात धावली. अव्वाची बोलणी खाऊन, मातीने माखलेला चौथा पाइप छातीशी कवटाळून ती बाहेर आली. एका टोकाला पाच भोकं होती, एक जरा सरकलेलं. दुसरं टोक करवतीने कापलेलं, खरबरीत.

“चारही पाइप कापले,” पाइपाला टेप लावून सिद्धी दातओठ खात म्हणाली. “सत्तर सेंटिमीटर! बोट उघडायचा कंटाळा आला, म्हणून बारीक केली!”

“पण तेवढ्याने काय होतं?” ध्रुव म्हणाला. “दीडदोन हात तर—”

“पाय फाकवून उभा राहा,” सिद्धी म्हणाली आणि तिने त्याला बाजूने ढकललं. ध्रुव हलला नाही. “आता पाय जुळव.” तिने पुन्हा ढकललं.

“अगं ए!” ध्रुव फरशीवर बसला होता.

“हे होतं! दोन होड्यांमधलं अंतर हेच तिचं बळ. अंतर निम्मं केलं तर बळ निम्मं नाही, पावच उरतं. आईने हजारदा सांगितलंय.”

शिवलीलाचा चेहरा उतरला होता. “काल होड्यांत वाळूची पोती टाकत होते. बोट कलू नये म्हणून. सिद्धी, पोत्यांनी ती आणखी खाली बसणार ना? उद्या पहिल्या फेरीला आमच्या शाळेच्या शिबिरातली मुलं बसणार आहेत. माझा धाकटा भाऊ, तम्माही आहे त्यांत!”

*

आईने सगळं ऐकलं, पाइप हातात घेऊन भोकांवरून बोट फिरवलं आणि फोन उचलला. तलाव समितीच्या अध्यक्षा हेमलता मॅडम फोन घेत नव्हत्या. ऑफिस बंद होतं. पोलीस ठाण्यात “उद्या लेखी द्या” म्हणाले. बिंदुमाधवकाकांना कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा मात्र लगेच निरोप आला: ‘ताई, अफवा पसरवू नका. तुमचंच नाव आणखी खराब होईल.’

सकाळ होताच आई रिक्षाने बनशंकरीला निघाली, मॅडमना घरीच गाठायला. तासाभराने तिचा फोन आला. “सिद्धी, मॅडम आधीच निघाल्यात तिकडे! मी ट्रॅफिकमध्ये अडकलेय. मुलांना चढू देऊ नकोस. काहीही कर!”

काहीही म्हणजे काय? गेटावर झेंडूची तोरणं होती, आत बॅंड वाजत होता. शिबिरातली मुलं रांगेने धक्क्यावर निघाली होती. तम्माने तर बहिणीला लांबून टाटाही केला. आणि या तिघांना बघताच रखवालदाराने काठी आडवी धरली. “तुम्हाला आत सोडायचं नाही. साहेबांची ऑर्डर आहे.”

सिद्धीचे कान तापले. काठी ओढून तलावात फेकावी, असं तिला वाटलं. तेवढ्यात तिची नजर मांडववाल्याच्या उरलेल्या बांबूंवर गेली.

“अण्णा, स्वल्प करवत देता?” तिने मांडववाल्याला विचारलं.

हेमलता मॅडमची गाडी वळणावर दिसली, तेव्हा एक बांबू बरोबर चार मीटरवर कापून झाला होता. गाडी आली आणि करकचून थांबली. समोर एक मुलगी आणि एक मुलगा आडवा बांबू धरून गेटातून आत शिरू पाहत होते. बांबू दोन्ही खांबांवर खाडकन आपटत होता. पुन्हा मागे, पुन्हा खाडकन!

“काय तमाशा आहे हा?” मॅडम उतरल्या. “बाजूला व्हा!”

“मॅडम, बांबू आत जात नाही!” सिद्धी कानडीत ओरडली. तिचा आवाज रागाने कापत होता, पण शब्द एकेक सुटा येत होता. “हा चार मीटरचा आहे. नकाशातली बोटही चार मीटरची आहे. ती या गेटापर्यंत अख्खी आली, समोरच्या कुणालाही विचारा. बांबू जात नाही, तर बोट आत कशी गेली?”

मॅडमनी खांबांकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं. तोवर बिंदुमाधव धावत आले होते.

“लहान मुलं आहेत, मॅडम. प्रांजलीबाईंची मुलगी ही, आईने पढवून पाठवलंय. बोट आम्ही... तिरकी करून आत घेतली.”

“पाइपही तिरके करून कापले का?” शिवलीलाने पोत्यात लपवून आणलेला तो चौथा पाइप त्यांच्या पुढ्यात धाडकन ठेवला. “अव्वाची तुळस उतरवून आणलाय!”

“हा तर तलावात पडला होता!” बिंदुमाधव म्हणाले आणि जीभ चावली.

“असं?” मॅडम थंडपणे म्हणाल्या. “म्हणजे हा तुमच्या ओळखीचा आहे.”

सगळे धक्क्यावर आले. ताडपत्री निघाली. डेक आणि छप्पर अरुंद झाल्यामुळे पॅनेलची एक ओळ मावली नव्हती, ती छपरावर लोखंडी घोडीवर उंच चढवली होती. बोटीच्या पाइपाला चौथ्या तुकड्याचं कापलेलं तोंड लावलं. तीच जाडी, तोच रंग. मात्र बोटीवरच्या पाइपाच्या एका टोकाला पाच भोकं नव्हती, घाईने पाडलेली तीन होती.

“वाळू भरलीय, मॅडम, आता काही धोका नाही,” बिंदुमाधव घाम पुसत म्हणाले.

“नाही ना?” सिद्धी त्यांच्यासमोर उभी राहिली. आता ती त्यांना काका म्हणणार नव्हती. “मग मुलांच्या आधी तुम्ही बसा. तुमची माणसंही घ्या. आणि सगळे एका कडेला उभे राहा. फोटो काढायला.”

बॅंड थांबला होता. रांगेतली मुलं टक लावून बघत होती. बिंदुमाधवांनी बोटीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. त्यांचा पाय काही उचलला गेला नाही.

“बसा ना!” सिद्धी ओरडली. “तीस मुलांना बसवत होतात! माझ्या आईला खोटं पाडलंत! स्वतः का नाही बसत?”

“वेळ कुठे होता?” बिंदुमाधव फाटक्या आवाजात म्हणाले. “उघडून जोडायला आठवडा गेला असता. आणि तारीख तर, मॅडम, तुम्हीच ठरवली होती...”

हेमलता मॅडमचा चेहरा लाल झाला. “हो, ठरवली,” त्या म्हणाल्या. “आणि आत येणारी बोट मोजून घ्यायचं मलाही सुचलं नाही. पण कापायला मी सांगितलं नव्हतं. मुलांना मागे घ्या! उद्घाटन रद्द! याची चौकशी आज, आत्ता सुरू होईल.”

तम्मा धावत येऊन शिवलीलाला बिलगला. “अक्का, म्हणजे बोटीत बसायचं नाही?” त्याने रडक्या सुरात विचारलं. शिवलीलाने त्याला इतकं घट्ट धरलं की तो “सोड गं!” म्हणून किंचाळला.

“शाबास!” मॅडमनी सिद्धीच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही तिघांनी आज फार मोठं संकट टाळलंत. काय बक्षीस देऊ?”

“बक्षीस नको,” सिद्धी म्हणाली. राग अजून उतरला नव्हता आणि तो लपवायची तिला गरजही वाटली नाही. “आईचं डिझाइन चुकलं असं पेपरात आलंय. चुकलं नव्हतं, हेही यायला हवं. आणि तिला या गेटातून आत सोडायला हवं.”

मॅडमनी माइक मागवला. पत्रकार होतेच. त्या बोलत असतानाच गेटावर एक रिक्षा थांबली आणि आई उतरली. रखवालदाराने काठी उचलली, मग मॅडमकडे पाहून मुकाट्याने खाली घेतली. आई सरळ बोटीपाशी गेली, वाकली आणि तिने दोन होड्यांमधलं अंतर वितीने मोजलं.

“बिचारी,” ती बोटीकडे बघत म्हणाली. मग वळून तिने मुलीला जवळ घेतलं. “ओरडलीस म्हणे खूप?”

“मोजून ओरडले,” सिद्धी म्हणाली.

आई कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

बिंदुमाधव गाडीकडे निघाले होते. ध्रुवने पिशवीतून काहीतरी काढून सिद्धीच्या हातात दिलं. तिने धावत जाऊन त्यांची वाट अडवली आणि स्टंपांचा तो नवाकोरा संच त्यांच्या हातात ठेवला. त्यावरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं.

“हे तुमचं. आमचे तीन पाइप डिकीत असतील, तर मॅडमकडे द्या. पुराव्याचं काम संपलं की आम्हाला परत हवेत.”

“आणि चौथा?” मागून ध्रुवने विचारलं.

“चौथा विसर!” शिवलीला म्हणाली. “तुळस दुपारच्या आत जागेवर नसेल, तर अव्वा मला घरात घेणार नाही!”