नावाड्याचं एकच वाक्य

वसुधाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते उलटं.

झालं असं, की नव्याकोऱ्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. दुकानातून आलेला माणूस अँटेना फिरवायला गच्चीवर गेला होता, आणि चित्र आलं की नाही हे त्याला ओरडून सांगायचं काम वसुधाच्या गळ्यात पडलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ती मान वर करून बघत होती, तेवढ्यात गच्चीच्या कठड्यावरून एक चेहरा खाली झुकला. कपाळ खाली, हनुवटी वर, केस हवेत लोंबकळणारे.

“आलं?”

“नाही.”

चेहरा गेला. वर पाइप करकरला. चेहरा परत आला.

“आता?”

“आलं... आलं... गेलं.”

“कशानं गेलं?”

“मला काय ठाऊक? तुम्ही बघायला आलात आणि गेलं.”

तो हसला. पण उलट्या चेहऱ्यावरचं हसू रुसल्यासारखं दिसतं, म्हणून वसुधाला वाटलं, माणसाला राग आला. चहा घेऊन ती गच्चीवर गेली तेव्हा कुठे तिला तो चेहरा सरळ दिसला... आणि तो अजून हसतच होता.

हरेश्वर त्याचं नाव. राहायला वेसाव्याला, कामाला अंधेरी स्टेशनजवळच्या टीव्हीच्या दुकानात. त्याची आई कृष्णाबाई मासळीची टोपली घेऊन याच बिल्डिंगमध्ये यायची. वसुधाची आई रोज दारात तिच्याशी भाव करायची. गिऱ्हाइकांच्या मुलींना हरेश्वर सरसकट ‘ताई’ म्हणत असे. वसुधाला मात्र तो काहीच म्हणाला नाही. “इकडे बघा जरा,” “ऐकलंत का...” असं काहीतरी चाललेलं. वसुधाच्या ते लक्षात आलं होतं, आणि लक्षात आलंय हे तिने कुणालाही कळू दिलं नव्हतं.

सत्त्याहत्तर साल होतं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये टीव्ही एकच, तो श्यामकांतरावांकडे, म्हणजे वसुधाच्या बाबांकडे. सिनेमाची गाणी लागायची त्या दिवशी माणसं थेट जिन्यापर्यंत बसलेली असत. पण गुरुवारी संध्याकाळी ‘खाडीपलीकडे’ नावाची मालिका लागली, की खोली रिकामी. कुणाला अचानक भाजी निवडायची आठवण व्हायची, कुणाला देवळात जायची. बाबा हळूच पेपर उघडायचे. उरायची फक्त वसुधा, आणि शेजारची कमळमावशी.

तसं बघितलं तर मालिका रटाळच होती. खाडीपलीकडच्या शाळेत रोज होडीने जाणारी एक मास्तरीण, गावात नवा आलेला एक डॉक्टर, आणि दोघांची लांबच लांब भाषणं. पाणी म्हणून रंगवलेला पडदा. होडी जागची हलायची नाही. पण त्या मास्तरणीच्या डोळ्यांत काहीतरी होतं... संध्याकाळी एकटीने घरी परतणाऱ्या बाईचं. टायपिंगच्या क्लासवरून चालत येताना वसुधाला ते डोळे आठवत.

आणि गुरुवार आला की चित्र हमखास जायचं. समुद्राकडून वारा सुटतो, अँटेना फिरतो, असं हरेश्वरचं म्हणणं. दुकानाची वर्षभराची गॅरंटी होती. क्लासवरून येताना वसुधा दुकानाच्या पायरीशी थांबायची.

“आमचं पुन्हा गेलं.”

“मला वाटलंच.”

मग संध्याकाळी तो गच्चीवर पाइप धरून उभा राहायचा. भाग संपेपर्यंत हात सोडायचा नाही. भाग संपला की आई म्हणायची, “त्याला चहा नेऊन दे गं, बिचारा उभाय कधीचा.” वसुधा चहा न्यायची, आणि तो विचारायचा, “काय झालं आज?”

कारण ज्या मालिकेसाठी तो अँटेना धरायचा, ती त्याने एकदाही पाहिली नव्हती.

पहिल्यांदा वसुधाने त्याला खरं तेच सांगितलं. मास्तरीण आली, होडीत बसली, डॉक्टर भेटला.

“आणि नावाडी?”

“तो काय... पाठमोरा बसलेला असतो.”

“बोलत नाही?”

“नाही.”

हरेश्वर चहाच्या पेल्यात बघत राहिला. “कमाल आहे. रोज नेतो-आणतो तिला, आणि कुणी त्याचं तोंडपण बघत नाही.” त्याचे वडील, भाऊ, सगळे होडीवरचे. वसुधाला उगाच अपराधी वाटलं.

पुढच्या गुरुवारी तिच्या गोष्टीतला नावाडी मास्तरणीकडे तोंड करून बसला. त्याच्या पुढच्या गुरुवारी बोलू लागला. मग तर थांबेचना. एकदा मास्तरीण होडीत छत्री विसरली. विसरली कसली — मुद्दाम ठेवली. आणि नावाड्याने ती परत दिलीच नाही.

“का नाही दिली?” हरेश्वरने विचारलं. परतीच्या पावसाचे दोन-चार थेंब पडून गेले होते, गच्ची ओली होती. पाण्याच्या टाकीला टेकून तो उभा होता.

“दिली की बोलायला काही उरत नाही ना.”

“मग ती काय, भिजत जाते?”

“भिजते.”

“वेडीच आहे.”

“नावाडी कुठे शहाणा आहे?”

तो हसला, पेला परत देताना त्याची बोटं जराशी रेंगाळली, आणि जिना उतरताना वसुधाला पायऱ्या दिसेनात.

कृष्णाबाईलाही कशाचा वास लागला होता कोण जाणे. टोपली उंबऱ्याबाहेर ठेवून — आत घ्यायची रीत नव्हती — ती एकदा म्हणाली, “आमचा हऱ्या बेस्तरवारी धड जेवत नाय गो बाय. तुमचा टीवी लय खातो त्याला.” आणि वसुधाच्या ताटलीत तिने एक बोंबील जास्तीचा टाकला. आईने वाटा मोजून घेतला, आणि ताटली घेऊन वसुधा आत गेल्यावर दारात पाणी शिंपडलं. वर्षानुवर्षं शिंपडायची. वसुधाने त्या दिवशी पहिल्यांदा ते पाहिलं.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. बाबांच्या ऑफिसातल्या स्नेह्यांनी आपल्या पुतण्याचं स्थळ सुचवलं. विद्याधर नाव, इंजिनियर, नोकरी बडोद्याला. फोटोतला चेहरा सालस. नाकारावं असं त्याच्यात काही सापडत नव्हतं, हीच पंचाईत. आणि गुरुवारी भाग संपल्यावर निवेदिका गोड आवाजात म्हणाली, की प्रेक्षकांचा प्रतिसाद लक्षात घेता ही मालिका लवकरच निरोप घेत आहे.

कमळमावशीने डोळ्याला पदर लावला. “मेल्यांना काही चांगलं म्हणून बघवत नाही.”

वसुधा मात्र सुन्न झाली. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने मनाशी एक ठरवून टाकलं. मालिका वाढली, तर बाबांना हरेश्वरबद्दल सांगायचं. नाही वाढली, तर... पुढचं तिने ठरवलंच नाही. स्वतःचं धैर्य कमी पडलं, की माणूस ते असं दुसऱ्या कशावर तरी टांगून ठेवतो.

मग तिघांची मोहीम सुरू झाली. कमळमावशीने टीव्ही केंद्राला कार्डांवर कार्डं धाडली. एक उजव्या हाताने, एक डाव्या. एकात ती ‘घाटकोपरची गृहिणी’ झाली, दुसऱ्यात ‘निवृत्त मामलेदार, मुलुंड’.

“मावशी, मामलेदार ‘बाई गं’ लिहील का?” वसुधाने विचारलं.

“हळवा असेल एखादा. तुला काय करायचंय?”

हरेश्वरला कार्डांवर भरवसा नव्हता. “असं घरबसल्या होत नाही काही. मी वरळीला टीव्ही केंद्रात जाऊन साहेबांनाच भेटतो. एवढी झकास गोष्ट, बंद कशी करतात?”

“नको,” वसुधा चटकन म्हणाली.

“का?”

ते सांगायचं, तर नावाड्याचंही खरं सांगावं लागलं असतं. इस्त्रीचा शर्ट घालून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो गेला.

पुढच्या गुरुवारी चहा घेऊन ती वर गेली, तेव्हा तो कठड्याशी पाठमोरा उभा होता. अगदी त्या नावाड्यासारखा.

“भेटले साहेब?”

“भेटले. चांगला माणूस. बसवलं, चहा पाजला. म्हणाले, काय आवडलं तुम्हाला एवढं? मी म्हटलं, छत्री.”

वसुधाने पेला कठड्यावर ठेवला.

“म्हणाले, कुठली छत्री? मी सगळं सांगितलं. छत्रीचं, नावाडी तिला ओहोटीत हात धरून चिखलातून नेतो त्याचं... त्यांनी आणखी दोघांना बोलावलं. तिघंही ऐकत बसले. शेवटी साहेब म्हणाले, अहो, नावाड्याला अख्ख्या मालिकेत एकच वाक्य आहे, तेही शेवटच्या भागात.” तो वळला. “आणि म्हणाले, तुम्ही सांगताय ती मालिका असती, तर आम्ही बंद केली नसती.”

खालच्या रस्त्यावर कुठेतरी सायकलची घंटी वाजली. वसुधा ओल्या दोरीवरच्या चिमट्यांकडे बघत राहिली.

“वाढवणार नाहीत मग?”

“नाही. पुढच्या गुरुवारी शेवटचा भाग.” तो जवळ आला. “छत्री कुणी ठेवली, वसुधा?”

तिचं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं.

“मी,” ती म्हणाली.

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

तो तिला अँटेनाच्या पाइपापाशी घेऊन गेला आणि खालच्या नटावर बोट ठेवलं. “आता माझं ऐक. वारा-बिरा काही नसतो. हा नट मी दर वेळी अर्धा फेरा सैल ठेवतो. आठवडाभरात पाइप आपोआप फिरतो.”

वसुधाला हसू आलं आणि ते हसू मध्येच मोडलं. एवढे गुरुवार दोघंही लबाडी करत होते, आणि त्याहून खरं आयुष्यात दुसरं काहीच घडलं नव्हतं.

“बाबांशी बोलू मी?” त्याने विचारलं.

“मी बोलते,” ती म्हणाली.

बोलायला ती रोज गेली. बाबा पेपर वाचत असताना, बाबा दाढी करत असताना, बाबा तुळशीला पाणी घालत असताना. त्यांनी आरडाओरडा केला असता तर सोपं होतं. पण ते ओरडणारे नव्हते. ते नुसते खाली बसले असते, चष्मा काढून पुसत राहिले असते, आणि आईने कृष्णाबाईची टोपली कायमची बंद केली असती.

“बाबा...”

“काय गं?”

“मालिका... वाढवली नाही त्यांनी.”

“बरं झालं. रविवारी बडोद्याची मंडळी येतायत. त्या हरेश्वरला सांग, एकदाच काय ते नीट करून दे म्हणावं. पाहुण्यांपुढे मुंग्या नकोत.”

ती “हो” म्हणाली. बस्स, तेवढंच म्हणाली.

शेवटच्या भागात मास्तरणीचं डॉक्टरशी लग्न ठरलं. रंगवलेल्या पाण्यावरच्या होडीतून ती शेवटची उतरली, तेव्हा नावाडी म्हणाला, “पाणी चढलंय, बाई. जपून उतरा.” झालं त्याचं वाक्य. कमळमावशी हुंदके देऊन रडत होती. चित्र इतकं स्थिर होतं, की वर दोन हात पाइप घट्ट धरून आहेत हे वसुधाला इथे बसून कळत होतं.

ती वर गेली. चहा घेतला नव्हता, हात रिकामे होते. हरेश्वरने पिशवीतून पाना काढला होता.

“बोललीस?”

तिने मान हलवली. नाही.

त्याने जाब विचारला नाही; विचारला असता तर तिला रडता तरी आलं असतं.

“बाबांचा निरोप आहे,” ती कशीबशी म्हणाली, “एकदाच काय ते नीट करून द्यायचं.”

“देतो.” त्याने पाना नटाला लावला.

“हरेश्वर... पूर्ण आवळू नकोस.”

“किती ठेवू?”

“अर्धा फेरा.”

“आणि चित्र गेलं, की सांगायला कोण येणार? तू बडोद्याहून?”

उत्तराची वाट त्याने बघितली... बरीच बघितली. पश्चिमेला आभाळ तांबूस होतं, वेसाव्याकडून खारा वारा येत होता, आज खराखुरा. मग तो वाकला आणि त्याने नट आवळला. दोन्ही हातांनी, दात आवळून, गच्च. पाना पिशवीत टाकला आणि हात पँटला पुसले.

ती जिन्याकडे वळली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा मागून त्याचा आवाज आला. हलका, थट्टेचा म्हणावा असा... पण शेवटाला फाटलेला.

“पाणी चढलंय, बाई. जपून उतरा.”

मालिकेतलं ते वाक्य त्याला वरळीच्या साहेबांनीच सांगितलं असणार. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर ती उतरलीच नसती.

रविवारी बडोद्याची मंडळी आली. विद्याधर खरंच सालस होता. कमळमावशीला खुर्ची त्याने स्वतः उठून दिली. पोहे झाले, चहा झाला, बाबांनी कौतुकाने टीव्ही लावला. “बघा, आता कसं. आरशासारखं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आतून हसण्याचे आवाज येऊ लागले, गोड, पसंतीचे.

वसुधा कपबशा ठेवायचं निमित्त करून गॅलरीत आली. गच्चीवरून उतरलेली अँटेनाची पट्टीची वायर गजाशी लोंबत होती. तिने वर पाहिलं. कठड्यावर कुणी नव्हतं. तिने वायर मुठीत धरली आणि एकदा ओढली. मग जोर लावून, तळव्यात वळ उठेपर्यंत ओढली.

ती कान देऊन उभी राहिली. आत कुणीतरी म्हणेल, अरे, चित्र गेलं...

आत कुणीच काही म्हणालं नाही.