हेलिकॉप्टरला आवतण

वलगावच्या आमच्या शाळेच्या पटांगणात सिमेंटच्या चौथऱ्यावर एक हेलिकॉप्टर उभं होतं. हवाई दलातून निवृत्त झालेलं, रंग उडालेलं. मीही निवृत्तच, विज्ञानाचा शिक्षक. दर रविवारी सकाळी त्याच्या सावलीत सतरंजी टाकून मी मुलांना शिकवत असे. पंखा हवा खाली ढकलतो म्हणजे काय, शेपटीवर दुसरा छोटा पंखा कशाला, हे मुलांना पुस्तकापेक्षा तिथं लवकर कळायचं.

यंदा पावसाळ्यात सुटलेल्या पत्र्यानं दीपमालाचा तळहात कापला. सहावीतली मुलगी, चार टाके पडले. शाळेच्या समितीनं ठराव केला की हेलिकॉप्टर अकोल्याच्या भंगारवाल्याला द्यायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता. अध्यक्ष उत्तमराव मला म्हणाले, "गुरुजी, तुमचं पाखरू उडत तं नाहीच, पोरायले चावून मात्र राहिलं." त्यांचं चूक नव्हतं. तरी मी एका कॉलेजला पत्र लिहिलं, त्यांनी ते नीट दुरुस्त करून ठेवावं म्हणून. उत्तर आलं नाही.

या हेलिकॉप्टरची खरी काळजी घेतली देवीदासनं. गावातलाच माणूस, हवाई दलात तंत्रज्ञ होता. याच यंत्रावर त्यानं अकरा वर्षं काम केलं होतं. डोंगरातून, पुरातून माणसं आणायचं हे. त्यातली काही आपल्या पायानं उतरत नसत, एवढंच तो सांगायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघरी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात, तसा हा शिडीवर चढून पंख्याचा दांडा मळायचा आणि बैलाला म्हणतात तेच म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं पान. लोक हसायचे. तो म्हणायचा, थकलेल्या बैलाला कोणी आवतण चुकवतं का?

देवीदास उन्हाळ्यात गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्याची बायको चतुराबाई वाटीत हळद-लोणी घेऊन आली. शिडीवर चढणं तिला जमणार नव्हतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण मी चढलो. दांडा उन्हानं तापला होता. मी लोणी चोळलं आणि म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

हे शेवटचंच वर्ष, असं मनात आलं. मी पुढं म्हणालो, "आजवर ज्यांना ज्यांना आणलंस, त्यांनाही घेऊन ये."

खाली उतरलो तेव्हा चतुराबाईचा चेहरा उतरला होता.

"गुरुजी, हे कावून म्हटलं? ते फकत याले एकट्यालेच बलावत."

मी समजूत घातली. ती वाटी पदराखाली घेऊन निघून गेली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी सगळं गाव बैल घेऊन तोरणाखाली जमलं होतं. लांबून डफडं ऐकू येत होतं. पटांगणात आम्ही दोघंच. चतुराबाईनं चौथऱ्यावर पळसाचं एक पान मांडलं, पुरणपोळी वाढली. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला होता.

हेलिकॉप्टरच्या चाकावर तेल भरलेली नळी असते. कुणी आत चढलं की ती दबते, उतरलं की वर येते. देवीदासनं ती शेवटपर्यंत राखली होती. माझं लक्ष सहज तिकडं गेलं, कारण ती करकरली.

नळीचा चकचकीत भाग बोटाच्या पेरभर वर आला.

पत्रा उन्हानं तापून फुगला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पुन्हा करकर. आणखी एक पेर.

मी मोजू लागलो. सवयच ती. प्रत्येक वेळी मधे तेवढाच वेळ जायचा, जेवढा एखाद्या थकलेल्या माणसाला पायरी उतरायला लागतो. अकरा वेळा झालं. मग थांबलं.

डफडं वाजतच होतं, पण मला ते ऐकू येईनासं झालं.

"किती?" चतुराबाईनं विचारलं.

"अकरा."

"तेवढेच," ती म्हणाली. "तेवढेच म्हनत ते. जे पायानं उतरले नाही." मग ती उठली. "बलावलं ना तुमी? मंग उपाशी कसं ठेवता?"

घरोघरी जाऊन तिनं पोळ्या आणल्या. मी पानं मांडली. ती कढत तूप वाढत गेली, आणि पानावर पडता पडता ते पांढरं होऊन गोठत गेलं. अकराही पानांवर. श्रावणातल्या त्या उकाड्यात माझ्या तोंडातून वाफ निघाली.

संध्याकाळपर्यंत मी नळीकडं बघत बसलो. ती पुन्हा खाली गेली नाही.

सकाळी ट्रक आला. मी उत्तमरावांना दोन दिवस थांबायला सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भंगारवाल्याला शब्द दिला असल्याचं सांगितलं. क्रेनवाला म्हणाला, इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. दर्यापूरच्या रस्त्यानं ट्रक अकोल्याकडं गेला. मी फाटकाशी उभा होतो. ज्यांना जेवायला बोलावलं, त्यांचं वाहनच मी जाऊ दिलं होतं. आता ते जाणार कुठं?

रविवारी मोकळ्या चौथऱ्यापाशी वर्ग भरवला. मुलं आली, सतरंजीवर बसली. नेहमी एकमेकांना खेटून, ढकलाढकली करत बसणारी मुलं आज मधे मधे जागा सोडून बसली. कुणी सांगितलं नव्हतं. मी जवळ सरका म्हटलं. कुणी हललं नाही.

जागा मोजायची मला हिंमत झाली नाही. मी चौथऱ्याला टेकवलेल्या फळ्याकडं वळून धडा सुरू केला.

मागं वळलो तेव्हा दीपमालानं वहीचं एक पान फाडलं होतं. शेजारच्या रिकाम्या जागेत ते ठेवून तिनं बाजूला आपली पेन्सिल ठेवली.

वाऱ्यानं सगळ्यांच्या वह्या फडफडत होत्या. तो कागद तेवढा हलत नव्हता.