उदगीरच्या बैलबाजारातला शेवटचा परिच्छेद

हैदराबादहून लातूरला येणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी जी पोरगी बसली, तिला मी थोड्या वेळापूर्वीच बघितलं होतं. परीक्षेच्या सेंटरवर. अमेरिकेत पीएचडीला जायचं म्हणून लोक जीआरई देतेत ना, तीच देऊन आम्ही दोघं बाहेर पडलो होतो. मार्क स्क्रीनवर लगेच दिसतेत. तिचे मला तिच्या तोंडावर दिसले.

"अर्थशास्त्र का?" मी विचारलं.

"हाव. तुमी बी? गणितात किती?"

"एकशे सत्तर."

"कितीपैकी?"

"...एकशे सत्तर."

ती खिडकीकडं वळली. बिदर गेलं तरी वळलेलीच!

मग आपणहून म्हणली, "माझे एकशे साठ. अर्थशास्त्रवाले आधी गणिताची चाळणी लावतेत. एकशे पासष्टच्या खाली असलं की अर्जासोबतचा निबंध कोण वाचतंय?" जरा थांबली. "इंग्रजीत किती तुमाला?"

"एकशे पंचेचाळीस."

"मला एकशे अडुसष्ट!" अन् हसली. आईच्यान सांगतो... वाऱ्यानं तिचे केस माझ्या तोंडावर येत होते, मी तक्रार केली न्हाई.

माझा अर्जाचा निबंध मोबाईलमध्ये होता. तिनं मागितला, मी दिला.

"'लहानपणापासून मला अर्थशास्त्राची प्रचंड आवड आहे,'" तिनं मोठ्यानं वाचलं. "किती लहानपणी?"

"...सहावीत?"

"सहावीत महागाईचा दर बघून राहिला होता तुमी?"

पुढच्या सीटवरची मावशी बी हसली.

मी सुगत, नांदेडचा, हल्ली तयारीसाठी लातूरला राहणारा. गणित शिकलो ते भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून, मोबाईलवर. ती अंबिका, उदगीरची. वडील मन्मथअप्पा बैलबाजारात दलाल. नावं वाचून काही लोकांनी लगेच जातीचा हिशोब लावला असंल. लावा. आम्ही बी लावला होता, अन् बाजूला ठेवला होता.

तर एसटीतच ठरलं. रविवारी लातूरच्या अभ्यासिकेत मी तिला गणित शिकवायचं, तिनं माझा निबंध खोडायचा. खोडायची बी अशी की पानावर माझं नावच उरायचं. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलं न्हाई.

"प्रोफेसरला प्रश्न पायजे सुगत, आरती न्हाई. ह्यात सगळे हाईत, तूच न्हाईस."

तिचं गणित मात्र पक्कं झालं. सरावात माझ्या बरोबरीनं सोडवायची. पण परीक्षा परत दे म्हणलं की चेहरा उतरायचा. "दोनदा दिली. तिसऱ्यांदा त्या खुर्चीत बसायचं म्हणलं की हात गार पडतेत माझे. तू जा."

तू जा! जसं काय मी कोपऱ्यावर दूध आणायला चाललोय.

अर्जाची तारीख जवळ आली. परत परीक्षा द्यायला एकच संधी उरली होती. तेवढ्यात तिचा फोन, "बाजाराच्या दिवशी उदगीरला ये. तुझ्या निबंधाला प्रश्न सापडतो का बघू."

बाजारात दोन माणसं हातावर टॉवेल टाकून उभी. तोंडं गप्प, टॉवेलाखाली बोटं हलून राहिलेली. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं दावं हातात घेतलं. झाला सौदा.

"कितीला गेला?" मी विचारलं.

"टॉवेलाखाली बोटांनी भाव ठरतो. ते त्या दोघांनाच ठाऊक."

"मग मोठ्यानं का बोलत न्हाईत? सगळ्यांना भाव कळंल की!"

अंबिकानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "हाच! हाच तुझा प्रश्न. हे लिही!"

मग तिकडं बैलाचे दात बघत असलेल्या अप्पांना ओरडून म्हणली, "अप्पा, ह्याला सौदा शिकवते!" अन् आमच्या हातांवर ओढणी टाकली.

"हे एक बोट धरलं... आता ही दोन. किती झाले?"

हात मऊ होता. जरा गार बी.

"...सात?"

"एका हाताला?"

मी घाम पुसला.

"बरं, शेवटचा परिच्छेद लिहिलास का? तू यादीत घेतलेल्या पाच विद्यापीठांतच का जायचंय, तो?"

"न्हाई."

"का?"

"खरं कारण लिहिता येईना."

"काय हाय खरं?"

आता न्हाई तर कवाच न्हाई. "तू जिथं अर्ज करून राहिली होतीस, तिथंच मी बी... तू न्हाई आलीस तर मी तिथं काय करू? थंडी लई असती म्हणे."

ती खाली बघून राहिली. ओढणीखालचा हात काही निघाला न्हाई.

"प्रवेशाच्या कमिटीला हे कारण चालायचं न्हाई."

"तुला?"

मागं एक बैल फुरफुरला.

"देते मी परीक्षा परत. पण तुझ्यासाठी न्हाई. एकशे साठवर थांबणारी न्हाई मी."

"बरं."

"...थोडी तुझ्यासाठी."

तिकडून अप्पा ओरडले, "अंबिके! लई टाईम लागला गं. जमलं का?"

"जमलं अप्पा!" माझी बोटं घट्ट धरून ती ओरडली. "बैल चांगला हाय. तोंड उघडायलाच तेवढा वेळ घेतला!"